जवारी बंद पडली म्हणून तंबोरा घेऊन गेलो, बिघाड कानात निघाला

कृष्णाकाठचा साउंडवाला (सांगली)

मंडळी नमस्कार. बरेच दिवस लिहू लिहू म्हणत होतो, आज बसलोच. मी साउंडचं काम करतो, अठरा वर्षं झाली. लग्नं, भजनं, शाळांची गॅदरिंग, व्याख्यानं, कधीमधी नाटकाचा माईक, आणि गणपतीत मिरवणुकीची मशिनं. ज्याला आपल्याकडं सगळे डॉल्बी म्हणतात ते. (त्या नावाच्या कंपनीचा याच्याशी काही संबंध नाही, आपल्या भागात बेसच्या स्पीकरच्या भिंतीला ते नाव कसं चिकटलं देव जाणे.)

यंदा विसर्जनाला मिरजेत होतो. मिरजेची मिरवणूक माहितीच आहे, एका दिवसात आटपत नाही, दुसरा दिवस उजाडून वर येतो. मी ट्रॉलीच्या डाव्या अंगाला जनरेटरजवळ उभा, म्हणजे भिंत माझ्या डाव्या कानापासून दोन-अडीच मीटरवर. घरी आलो तेव्हा बायको काय बोलतीय ते ओठांवरून समजून घेत होतो. कानात शिट्टी. ती नेहमीच येते, एक झोप काढली की जाते, म्हणून लक्ष दिलं नाही. या वेळी तिसऱ्या दिवशीपण होती, बारीक, फ्रीज सुरू असल्यासारखी.

आता मूळ गोष्ट. मी रोज सकाळी अर्धा तास तंबोरा घेऊन बसतो, गाणं फार येत नाही पण खर्ज लावतो, वडिलांपासूनची सवय आहे. त्या आठवड्यात तंबोरा छेडला तर नुसतं लाकूड वाजल्यासारखं. स्वर बरोबर, पण वर जी झणझण उठते, खोलीभर पसरते, जिला जवारी म्हणतात, ती नाहीच. तारांखालचं सूत पुढंमागं करून बघितलं, काही फरक नाही. म्हटलं तारा ज्यावर टेकतात ती घोडी झिजली, जवारी बंद पडली. गाडीवर बांधून मिरजेला आमच्या नेहमीच्या कारागिरांकडं नेला.

त्यांनी तंबोरा मांडीवर घेतला, चारी तारा हळू छेडल्या, सूत केसभर सरकवलं, परत छेडल्या. म्हणाले, जवारी उघडी आहे की. मी म्हटलं नाही हो चाचा, बंद आहे. त्यांनी काही न बोलता आतून नातवाला हाक मारली, नऊ-दहा वर्षांचं पोरगं, म्हणाले ऐक आणि सांग. त्यानं भोपळ्याला कान लावला आणि लगेच म्हणाला, छान वाजतोय, मधमाश्यांसारखा. चाचांनी तंबोरा परत गवसणीत घातला, पैसे घेतले नाहीत, फक्त म्हणाले, कान दाखवून घ्या.

दाखवले. काचेच्या खोलीत हेडफोन घालून बसवतात, बीप आली की बटण दाबायचं. मी बसलो आणि थोड्या वेळानं वाटलं मशीन बंद पडलं, काचेपलीकडं बघितलं तर ती मुलगी बटणं दाबतच होती. कागदावर ४००० हर्ट्झला खड्डा आहे, डावा ४५ डेसिबलला, उजवा ३० ला, म्हणजे त्या पट्टीतला आवाज तेवढा वाढवल्याशिवाय मला लागत नाही. बाकी सगळं ठीक.

माझे प्रश्न साधे आहेत. कान नेमकं किती सोसतो? एवढं सगळं माहीत असून आपल्याला मोठा आवाजच का आवडतो? आणि आता मी काय करू? धंदा सोडणं जमणार नाही.

कानमंत्र (सातारा)

दादा, मी श्रवणतज्ज्ञ आहे, रोज असेच कागद बघते. तुमच्या कारागिरांनी जे केलं ते खरंच उत्तम निदान होतं, दहा वर्षांचा कान म्हणजे सगळ्यात चांगलं मीटर.

४००० चा खड्डा ही आवाजाची सहीच समजा. आपल्या कानाची नळी साधारण अडीच सेंटिमीटर लांब, ती स्वतःच ३००० च्या आसपास घुमते, बाटलीत फुंकर मारल्यावर बाटली घुमते तशी. म्हणजे त्या पट्टीतला आवाज पडद्यापर्यंत जाताना वाढून जातो, आणि मार बसतो तो त्याच्या जरा वरच्या भागाला. आतल्या शंखात केसांच्या पेशी असतात, एका कानात साडेतीन हजार आतल्या आणि बारा हजारांच्या आसपास बाहेरच्या. बाहेरच्या ओळीचं काम बारीक आवाज वाढवून देणं आणि जवळजवळचे स्वर वेगळे करणं. मोठ्या आवाजात आधी त्याच जातात. आणि माणसात त्या परत उगवत नाहीत. पक्ष्यांमध्ये उगवतात, आपल्यात नाही.

म्हणून तुमचा पहिला अनुभव तंबोऱ्याचा होता, बोलण्याचा नव्हता. खर्ज, पंचम, अगदी तो आपोआप उमटणारा गंधारसुद्धा, हे सगळं खालच्या भागात आहे, ते तुम्हाला ऐकू येतंय. गेली ती वरची झणझण, कारण जवारी जे काही वर उभं करते त्यातला बराच भाग २००० ते ५००० मध्ये बसतो. नेमका तुमच्या खड्ड्यात.

किती सोसतो याचं उत्तर आकड्यात असं. अमेरिकेतल्या निऑश या संस्थेचा कामगारांसाठीचा हिशोब ८५ डेसिबलला ८ तास. त्यापुढं प्रत्येक ३ डेसिबलला वेळ निम्मी. ८८ ला ४ तास, ९१ ला २, ९४ ला एक तास, १०० ला पाव तास, १०६ ला पावणेचार मिनिटं. जागतिक आरोग्य संघटना गाणी ऐकणाऱ्यांसाठी ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास म्हणते. तुम्ही अडीच मीटरवर रात्रभर होता, हिशोब तुम्हीच करा.

आणि शिट्टी एका झोपेत गेली म्हणजे कान पूर्ववत झाला असं आपण धरून चालायचो, शिकवलंही तसंच जायचं. २००९ मध्ये कुजावा आणि लिबरमन या दोन संशोधकांनी उंदरांवर काम करून दाखवलं की तपासणीचा कागद पूर्ण नॉर्मल झाला तरी पेशी आणि नस यांच्यातले जोड कायमचे तुटलेले असू शकतात. शांत खोलीत बीप ऐकू येते, पण लग्नाच्या गर्दीत समोरच्याचं बोलणं लागत नाही, अशी तक्रार घेऊन येणारे खूप असतात.

एक महत्त्वाचं सगळ्यांसाठी, एका कानानं अचानक ऐकू येणं बंद झालं तर मिरवणुकीमुळं असेल, जाईल असं म्हणत बसू नका, त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरांकडं जा. पहिले काही दिवस फार मोलाचे असतात.

मंडळाचा भिडू (तासगाव)

मॅडम मान्य आहे सगळं पण एक सांगतो राग मानू नका. आमच्याकडं वर्षात एक दिवस असतोय, पोरं वर्षभर राबतात, वर्गणी गोळा करतात, आणि त्या रात्री बेस छातीवर आदळला की जे वाटतंय ना ते घरात फोनवर गाणं लावून येत नाही. हे खोटं आहे का? मी दहा वर्षं नाचतोय, मला काय झालेलं नाही. आणि डॉल्बी बंद म्हणणारे ढोल-ताशाला काय बोलत नाहीत, ताशाच्या शेजारी उभं राहून बघा एकदा.

कानमंत्र (सातारा)

खोटं अजिबात नाही. आणि ताशाबद्दल पूर्ण बरोबर, पथकातल्या मुलांचे कान मी तपासलेत, ताशावाल्यांना डॉल्बीवाल्यांपेक्षा कमी धोका आहे असं मुळीच नाही. ताशाचा आवाज टोकदार असतो. आवाज वाढला की मधल्या कानातला एक इवलासा स्नायू आखडतो आणि आत जाणारा आवाज थोडा कमी करतो, पण त्याला पूर्ण जागं व्हायला सेकंदाचा साधारण दहावा हिस्सा लागतो, तोवर ताशाची काडी पडून गेलेली असते.

मला काय झालेलं नाही हे मात्र तपासल्याशिवाय म्हणू नका. साउंडवाले दादासुद्धा आठवड्यापूर्वी हेच म्हणाले असते.

मास्तर (पलूस)

भौतिकशास्त्र शिकवतो, त्यामुळं राहवत नाही. मोठा आवाज का आवडतो याचं निम्मं उत्तर १९३३ सालचं आहे. बेल लॅबमधल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी लोकांना बसवून वेगवेगळ्या पट्टीतले आवाज सारखेच मोठे वाटेपर्यंत कमीजास्त करायला लावले. निघालं असं की आपला कान खालच्या आवाजाला हळू आवाजात जवळजवळ बहिरा आहे. नंतर सुधारलेल्या मापाप्रमाणं सांगतो, १००० हर्ट्झचा ४० डेसिबलचा आवाज जेवढा मोठा वाटतो, तेवढाच मोठा वाटायला ५० हर्ट्झच्या आवाजाला ७८ च्या आसपास लागतात. फरक ३८ चा. पण तोच १००० चा आवाज ८० वर नेला तर ५० हर्ट्झला १०२ पुरतात. फरक २२ वर आला.

याचा अर्थ काय, तर नुसता व्हॉल्यूम वाढवला, बाकी कशाला हात लावला नाही, तरी बेस आपोआप भरतो, गाणं भरीव वाटायला लागतं. गाणं तेच असतं, कान बदललेला असतो. जुन्या डेकवर लाउडनेस नावाचं बटण असायचं आठवतंय का? ते याचसाठी, हळू आवाजात बेस वर उचलून द्यायचं. रात्री पोरं झोपल्यावर हळू ऐकणाऱ्यांसाठी ते बटण म्हणजे फार शहाणपणाची गोष्ट होती, आताच्या वस्तूंवर फारसं दिसत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

दुसरी गोष्ट डेसिबलची. वर्गात मुलांना सांगतो, ही बेरजेची पट्टी नाही, गुणाकाराची आहे. दर १० डेसिबलला ताकद दहापट. ऐकू येणाऱ्या सगळ्यात बारीक आवाजापासून १२० डेसिबलपर्यंत, जिथं कान दुखायला लागतो, तिथवर एकावर बारा शून्यं, म्हणजे एक लाख कोटी पट. खालच्या टोकाला पडदा जेवढा हलतो ते अंतर हायड्रोजनच्या अणूपेक्षाही कमी असतं. एवढं नाजूक यंत्र आणि वर एवढी झेप, दुसरी कुठली वस्तू हे करते मला माहीत नाही.

पण मनाला आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात. आता हे साउंडवाल्यांनी सांगावं, मंडळ म्हणतं यंदा आवाज डबल पाहिजे, तर मशीन किती वाढवावी लागते?

कृष्णाकाठचा साउंडवाला (सांगली)

मास्तर, दहापट. आणि हे कुणालाच पटत नाही. मशीनची पॉवर दुप्पट केली तर ३ डेसिबल मिळतात, लोकांना जेमतेम कळतं. मंडळानं डबल पैसे दिलेले असतात म्हणून मग ऑपरेटर टॉप (बेसच्या वरचा आवाज देणारे स्पीकर) वर ढकलतो, आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज कानाला मोठा वाटतो. मी स्वतः केलंय हे. फाटलेल्या आवाजात जास्तीचं जे काही तयार होतं ते सगळं वरच्या बाजूला, २-३-४ हजारात. आता कळतंय ते कुठं जाऊन बसलं.

गावभागातली काकू (सांगली)

मी इथं नेहमी वाचते, लिहीत नाही, आज लिहिते. आमचं घर मिरवणुकीच्या वाटेवर. तुमचा बेस दारं-खिडक्या बंद केल्या तरी आत येतो, गाणं बाहेर राहतं आणि धडधड आत. मांडणीवरची तांब्या-भांडी सरकतात, मी स्वतः पाणी भरलेल्या फुलपात्रात वर्तुळं उठताना बघितलीत. सासूबाई शहाऐंशी वर्षांच्या, त्यांना ऐकू कमी येतं तरी उशी छातीशी धरून बसतात. त्यांना आवाज ऐकू येत नाही, त्यांना तो लागतो. एकदा फोन केला होता तक्रारीला, माणूस आला, मीटर धरलं, म्हणाला काकू एवढं काही जास्त नाही. मग मी खोटं बोलते का?

मला उत्सव नकोय असं नाही. आमच्या लहानपणी पण गणपती होता, लेझीम होतं, हलगी होती. सासूबाई सांगतात संगीत नाटकं रात्र रात्र चालायची, त्यांच्या वडिलांच्या वेळेला माईक नव्हता, आणि शेवटच्या रांगेतल्या माणसाला पद स्वच्छ ऐकू जायचं. सांगली ही नाटकाची पंढरी, १८४३ ला विष्णुदास भाव्यांनी इथं पहिलं नाटक केलं ते काही मशीन लावून नव्हे. लोक गप्प बसायचे हो. ऐकायचं म्हणून आलेले असायचे.

मास्तर (पलूस)

काकू, तुम्ही खोटं बोलत नाही आणि बहुतेक तो माणूसही खोटं बोलत नव्हता. मीटर ए पट्टीवर असतं. ही पट्टी आपल्या कानासारखी बनवलीय, हळू आवाजात कान जसा बेसला बहिरा तसं मीटरही बहिरं. ५० हर्ट्झला ते ३० डेसिबल वजा करून दाखवतं, १०० ला १९. तुमच्या घरात खिडक्या बंद असल्यावर फक्त बेसच उरलेला, कारण भिंत वरचे आवाज अडवते आणि खालचे सोडते. म्हणजे मीटर नेमकं तेच गाळतं जे तुमची भांडी हलवतं. त्याच मीटरवर सी नावाची पट्टी असते, ती लावली असती तर काटा कुठल्या कुठे गेला असता. पण आपल्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांतले आकडे ए पट्टीचेच आहेत, निवासी भागात दिवसा ५५, रात्री १० ते सकाळी ६ ला ४५. दवाखाने, शाळा, कोर्टाभोवती १०० मीटरला ५० आणि ४०. तरीही खरं सांगतो, मिरवणुकीत ए पट्टीवरसुद्धा ५५ राहत नाही, त्यामुळं त्यानं किती आकडा बघून जास्त नाही म्हटलं हे विचारायला हवं होतं. पुढच्या वेळी आकडा, वेळ आणि पट्टी तिन्ही लिहून मागा.

बेडरूममधला मिक्सवाला (कुपवाड)

मी गाणी मिक्स करतो, स्थानिक कलाकारांची, लग्नाची, देवाची, थोडीफार रॅप. या सगळ्याची एक बाजू इथं कुणी बोललं नाही ती म्हणजे गाणं मशीनवर यायच्या आधीच चेपलेलं असतं. सीडी १९८२ ला आली, १६ बिट, म्हणजे सगळ्यात बारीक आणि सगळ्यात मोठ्या आवाजात ९६ डेसिबलचं अंतर ठेवायची सोय. इतकी जागा मिळाल्यावर लोकांनी काय केलं तर सगळं गाणं वरच्या टोकाला नेऊन दाबलं. लिमिटर लावायचा, तबल्याची थाप जिथं उसळी मारते ती उसळी कापायची, मग सगळं वर ढकलायचं, परत कापायचं. प्रत्येकाला आपलं गाणं शेजारच्या गाण्यापेक्षा मोठं पाहिजे. २००८ ला मेटॅलिका या रॉक बँडचा डेथ मॅग्नेटिक हा अल्बम आला तेव्हा आवाज इतका दाबलेला होता की ऐकणाऱ्यांनीच तक्रारी केल्या, व्हिडिओ गेममध्ये आलेली तीच गाणी कमी दाबलेली होती म्हणून लोक ती पसंत करायला लागले.

मी एकदा एका गिऱ्हाइकाला एकच मिक्स दोनदा ऐकवला. दुसरा फक्त १ डेसिबल मोठा. तो डोळे मिटून म्हणाला दुसऱ्यात आवाजाला धार आहे, गायकी खुललीय, पहिल्यात काहीतरी कमी आहे. मोठा आहे असं एकदाही म्हणाला नाही. कानाला एवढासा फरक मोठेपणा म्हणून कळतच नाही, चांगुलपणा म्हणून कळतो. सगळी गोम इथंच आहे.

आता स्ट्रीमिंगवाले सगळ्या गाण्यांचा सरासरी मोठेपणा मोजून एका पातळीला आणतात, २००६ ला आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघानं मोजायची पद्धत ठरवून दिली त्याच्यावर हे चालतं. स्पॉटिफाय नेहमीच्या सेटिंगला उणे १४ ला आणतं (शून्य म्हणजे फाइलमधलं वरचं टोक). म्हणजे तुम्ही चेपून उणे ७ वर नेलेलं गाणं ते ७ नं खाली ओढतात, आणि हातात काय उरतं तर चेपलेलं आणि वर हळू गाणं. शेजारी न चेपलेलं गाणं लागलं की त्याची थाप उठून दिसते. हे गिऱ्हाइकाला दाखवायला लागलो तेव्हापासून लिमिटरवरून होणारी भांडणं कमी झाली. पण मिरवणुकीची रिमिक्स तिथून येत नाहीत, पेनड्राइव्हवरून येतात, आणि ती करणारे सगळं पार विटेसारखं करून देतात. चार तास वीटच वाजते, कानाला मध्ये श्वासच नाही.

हौशी ऐकणारा (कराड)

चेपाचेपी टाळायची असेल तर हायरेझ, म्हणजे सीडीपेक्षा बारीक मापाच्या फाइली घ्या की, २४ बिट १९२ किलोहर्ट्झ. माझ्याकडं आहे, सीडीपेक्षा हवा जास्त जाणवते, तंबोऱ्याचं वरचं सगळं येतं.

मास्तर (पलूस)

दादा, माणूस २० हर्ट्झ ते २० हजारपर्यंत ऐकतो, तेही लहानपणी. सीडीचे सेकंदाला ४४,१०० नमुने आहेत, त्यात २२ हजारपर्यंतचं सगळं बसतं. त्याच्या वरचं कान घेतच नाही. तुम्हाला जो फरक जाणवतो तो खरा असेल पण तो बहुतेक दुसऱ्या मास्टरिंगचा (गाण्यावरच्या शेवटच्या हाताचा) किंवा अर्धा डेसिबल जास्त व्हॉल्यूमचा. एकाच फाइलवरून स्वतः सीडीच्या दर्जाची बनवा, व्हॉल्यूम मीटरवर जुळवा, आणि घरच्या कुणाला तरी न सांगता आलटून पालटून लावायला सांगा.

हौशी ऐकणारा (कराड)

केलं. काल रात्री मुलीला बसवलं, वीस वेळा. अकरा बरोबर आली, नाणं उडवलं असतं तरी तेवढीच आली असती. शिवाय तिनं फोनवर कानाची पट्टी तपासायचा सूर लावला, ती १७ हजारपर्यंत हात वर करत होती, मी १२ च्या पुढं काही नाही. मी ५१ चा. तीन वर्षं ज्या हवेबद्दल मित्रांना सांगत होतो ती माझ्या कानात येतच नव्हती. जरा गप्पच झालो. पण तिच्या ईअरफोनचा आवाज काल पहिल्यांदा तपासला, आणि त्यावर घरात बोलणं झालं, हे त्यातून निघालं.

तार आणि सूत (मिरज)

आमच्या घरात पिढ्यांपासून तंबोरे-सतारी होतात, म्हणून या धाग्यावर लिहावंसं वाटलं. २०२४ ला मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं तेव्हा सगळे अभिनंदन करून गेले, आनंद झालाच. पण जवारी म्हणजे काय हे विचारणारे कमी.

घोडीचा माथा सपाट दिसतो, सपाट नसतो. कानशीनं, मग काचेच्या तुकड्यानं इतका बारीक उतार देतात की बोट फिरवून कळत नाही, तार लावून ऐकूनच कळतं. तार कंप पावताना त्या उतारावर घासत-टेकत राहते, आणि मध्ये सूत घातलं की ती टेकायची जागा नेमकी होते. त्यातून वरचे स्वर सतत जागे राहतात. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये यावर लिहिलं होतं, की नियमाप्रमाणं तारेच्या ज्या ठिकाणी छेडलं तिथून जे स्वर निघायलाच नकोत तेसुद्धा तंबोऱ्यात निघतात. आमचे आजोबा रामन वाचलेले नव्हते, पण ते सांगायचे, जवारी लावायची तर पहाटे, दूधवाला यायच्या आधी. दिवसा लावलेली जवारी रात्री मैफलीत उघडी पडते, कारण रस्त्याच्या आवाजात तुम्ही ती गरजेपेक्षा तिखट करून ठेवता.

आता होतंय काय, गिऱ्हाईक येतं ते म्हणतं आवाज मोठा पाहिजे. तंबोरा मोठा वाजायला केलेलाच नाही. किराणा घराण्याचे गवई खाँसाहेब अब्दुल करीम खाँ १९३७ ला गेले, त्यांची कबर इथं दर्ग्यात आहे, उरुसात त्यांच्या नावानं गाणं होतं. मी लहान असताना तिथं झाडाखाली बसून ऐकलंय, तंबोऱ्याला माईक अगदी नावाला असायचा, गाणारा थांबला की तंबोरा वर यायचा, भरती-ओहोटीसारखं. आता मागच्या वर्षी एका ठिकाणी तंबोऱ्याला पिकअप (लाकडाला लावायचा छोटा माईक) चिकटवून मोठ्या स्पीकरमधून सोडला होता, गवयाच्या बरोबरीनं. गवई ओरडायला लागला. ओरडला की साउंडवाला परत वाढवतो.

साउंडवाले दादा, तुमचा तंबोरा कुणी बघितला मला अंदाज आहे, विचारणार नाही. नातवाला कानाला लावायला देणं ही आमच्या गल्लीतली जुनी रीत आहे. वय झालं की कारागिरालाही वरची झणझण कमी ऐकू येते, म्हणून शेवटचं ऐकायला घरातलं लहान लागतं.

मंडळाचा भिडू (तासगाव)

सगळं वाचलं. हसू नका पण मी जाऊन कान तपासून आलो, आईनं पण तेच म्हटलं होतं आधी. उजवा चांगला आहे, डाव्याला ४००० ला थोडा खड्डा, २५. वय २७ आहे माझं. मॅडम, याला अजून काय म्हणता येईल का, की सुरुवात म्हणायची?

आणि एक विचारायचं होतं, पुढच्या वर्षी आमच्या पोरांनी कानात काय घालावं? कापूस चालतोय का?

कानमंत्र (सातारा)

सुरुवातच म्हणायची, पण वेळेत कळलं. २५ वर थांबवणं तुमच्या हातात आहे, मागं नेणं कुणाच्याच नाही.

कापूस नको, त्यानं जेमतेम काही डेसिबल कमी होतात आणि वरून वाटतं की आपण सांभाळलं. औषधाच्या दुकानात फोमचे प्लग स्वस्तात मिळतात. घालायची पद्धत मात्र नीट: बोटांत लाटून सुतळीसारखा बारीक करायचा, डोक्यावरून दुसरा हात नेऊन कान वर-मागं ओढायचा, प्लग आत सारायचा, आणि फुगेपर्यंत अर्धं मिनिट बोटानं धरून ठेवायचा. बहुतेक लोक नुसता दारात टेकवतात आणि म्हणतात फरक पडत नाही. बेस छातीत तसाच जाणवेल, काळजी नको, तो कानातून येतच नाही सगळा. वाद्य वाजवणाऱ्यांसाठी १५ डेसिबल सगळीकडं सारखे कमी करणारे प्लग असतात, साउंडवाले दादांनी ते घ्यावेत, मिक्स करताना तोल बिघडत नाही. ताशावाल्यांनीपण.

कृष्णाकाठचा साउंडवाला (सांगली)

परत आलो. उशीर झाला, सीझन होता.

प्लग घेतले, पंधरावाले. पहिल्या दिवशी पाण्याखाली गेल्यासारखं वाटलं, आठवड्यात सवय झाली. माझ्याकडं हाताखाली चार पोरं आहेत, सगळ्यात लहान एकोणीसचा. चौघांचे कान तपासून आणले. दोघांचे स्वच्छ, दोघांना खड्डा, त्यातला एक हा एकोणीसचा. त्याचा कागद हातात घेतला तेव्हा पाय गार पडले, कारण मीच त्याला भिंतीजवळ उभं करत होतो, केबल बघ म्हणून. आता केबल बघायचं काम गाणं थांबल्यावर.

मिरवणुकीची कामं पुढच्या वर्षी घेणार नाही असं ठरवलं नाही, खोटं कशाला सांगू, त्याच पाच-सात दिवसांत वर्षाचा हप्ता निघतो. पण मंडळांना लिहून देणार आहे, जनरेटर आणि माणसं भिंतीच्या मागं, बाजूला नाही, आणि दोन मीटरवर कुणी नाचणार नाही, दोरी आठ मीटरवर. दोनाचे आठ केले की १२ डेसिबलपर्यंत कमी होतात, निऑशच्या हिशोबात तीच माणसं सोळापट वेळ नाचतील. ट्रॉलीची भिंत मोठी असल्यामुळं जवळ तेवढं कमी होत नाही हे मला माहीत आहे, तरी जेवढं होईल तेवढं. तासगावच्या दादांनी आपल्या मंडळात बोलतो म्हटलंय.

आणि परवा कोजागिरीला भजनी मंडळाचा कार्यक्रम आहे आमच्या इथं मैदानात. नेहमी पुढं दोन मोठे टॉप ठेवून शेवटच्या माणसापर्यंत ढकलतो, पुढच्या रांगेतल्या बायका पदर कानावर घेऊन बसतात. या वेळी पुढं छोटे दोन, आणि मधोमध अजून दोन छोटे लावतोय. मधल्या स्पीकरना उशीर द्यावा लागतो, १७ मीटरला ५० मिलिसेकंद, नाहीतर आवाज दोनदा येतो. काल रात्री मोकळ्या मैदानात लावून बघितलं, पहिल्या रांगेत मीटर ७८ आणि शेवटच्या रांगेत ७४, ए पट्टी. नेहमी पहिल्या रांगेत ९५ असतं. तंबोऱ्याचा माईक अगदी थोडा उघडला. मला त्याची झणझण लागली नाही, मग एकोणीसच्या पोराला शेवटच्या रांगेत उभं केलं, त्यालापण नाही. मग मैदानात खेळणारी पोरं बोलावली, त्यातली एक सात-आठ वर्षांची मुलगी म्हणाली, काहीतरी गुणगुणतंय. तिथं फेडरला (आवाज कमीजास्त करायच्या सरकत्या बटणाला) चिकटपट्टी लावून ठेवलीय.

गावभागातली काकू (सांगली)

किती वाजता आहे? सासूबाईंना आणावं म्हणते.

कृष्णाकाठचा साउंडवाला (सांगली)

साडेआठला काकू. तिसऱ्या रांगेत कडेला दोन खुर्च्या धरून ठेवतो, तिथं कुठलाच स्पीकर जवळ नाही. थंडी असती, शाल आणा.